गिटारला पेडल लावायचं खरं, पण कुठलं, कधी आणि कुठल्या क्रमानं?

गणपतीला पंधरा दिवस उरले की मला एक फोन हमखास येतो. "सर, नवीन डिस्टॉर्शन घेतलंय. घरात झकास वाजतंय, खरं मंडपात आवाजच बाहेर पडना झालाय. दुसरं कुठलं पेडल घेऊ?" (पेडल म्हणजे गिटार आणि ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर, यांच्या मधे लावायची, पायानं चालू-बंद करून आवाज बदलणारी डबी. डिस्टॉर्शन आवाज मुद्दाम फोडतं.) माझं उत्तर वर्षानुवर्षं तेच आहे: दुसरं काही घेऊ नकोस, आहे तेवढी जोडणी सगळी सोडव आणि पहिल्यापासून लाव.

पेडल वापरावीत का, हा वाद मी घालत नाही. आपल्या सीमाभागात वाजवणाऱ्याला ती लागतातच. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या ऑर्केस्ट्रात एका रात्रीत अभंग, लावणी, जुनी हिंदी गाणी आणि वर दोन-चार कन्नड फर्माइशी वाजवाव्या लागतात. गिटार एक, माणूस एक. तीन तास एकाच आवाजात वाजवलं तर पुढच्या रांगेतली माणसं चहाला उठतात. मात्र मूळ आवाजच फाटका असेल तर पेडल तो आणखी मोठ्यानं फाडून दाखवतं. म्हणून पायऱ्या वरखाली करू नका. मी पाहिलेल्या बहुतेक चुका पेडलच्या नसतात, क्रमाच्या असतात.

पायरी १: पेडल न लावता आवाज तयार करा

गिटारपासून ॲम्पपर्यंत एकच केबल लावा. मधे काही नाही. ॲम्पवरचे बास, मिड आणि ट्रेबल (खालचा, मधला आणि वरचा पट्टा) तिन्ही बारा वाजता ठेवा. (पुढे सगळीकडे बटणाची जागा घड्याळाच्या काट्यानं सांगतो. अगदी कमी म्हणजे सात वाजता, मध्य म्हणजे बारा, पूर्ण म्हणजे पाच.) गेन, म्हणजे आवाज किती फुटावा ते ठरवणारं बटण, इतकंच ठेवा, की जोरात स्ट्रम केलं तरी आवाज फुटणार नाही.

तारा बघा. खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात महिन्याभरात तारा काळ्या पडतात. गंजलेल्या तारेवर कोरस (स्वराला लहर देऊन दोन गिटारींसारखा भास करणारं पेडल) लावून चमक येत नाही, गंजच दुप्पट ऐकू येतो.

आता एकच चार मात्रांचा तुकडा घ्या आणि तो चार तऱ्हांनी वाजवा. आधी ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर जिथं अडकवतात तिथं, प्लेक्ट्रम मारून, मग नेकजवळ, म्हणजे मानेकडे. नंतर पिकअपचा (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकांचा) स्विच बदलून. शेवटी गिटारवरचं व्हॉल्यूमचं बटण दहावरून सहावर आणून (हे आकडे त्या बटणावरचे, घड्याळाचे नाहीत). हे बटण आपल्याकडे कुणी वापरतच नाही, कायम दहावर चिकटवलेलं असतं. पुढे ओव्हरड्राइव्ह (आवाज हलका फोडणारं पेडल) लावल्यावर हेच बटण सहावर आणलं की आवाज जवळजवळ स्वच्छ होतो आणि दहावर नेलं की फुटतो. म्हणजे एका पेडलमध्ये दोन आवाज, तेही पाय न हलवता.

*तपासणी:* हे चारही प्रकार मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. चारही सारखेच वाटले तर इथंच थांबा. पैसे खर्च करायची वेळ अजून आलेली नाही.

पायरी २: आधी गाण्यांची यादी, मग पेडलची

वहीचं एक पान घ्या. पुढच्या कार्यक्रमातली सगळी गाणी लिहा आणि प्रत्येकासमोर गिटारला काय काम आहे ते एका शब्दात लिहा. माझ्या वहीतल्या गेल्या वर्षीच्या एका पानावर अठरा गाणी आहेत. नऊ गाण्यांपुढे "साफ", चारांपुढे "किंचित फुटलेला", दोघांपुढे "लीड" (गिटारनं एकटीनं पुढे येऊन वाजवायची चाल, तिथंच डिस्टॉर्शन), दोघांपुढे "कोरस" आणि एकापुढे "वा-वा" (पायानं हलवून आवाज "वा-वा" बोलल्यासारखा करणारं पेडल). ज्या डिस्टॉर्शनसाठी पोरं जीव टाकतात ते अठरात दोनदा लागलं. त्यातलंही एक गाणं वेळ संपली म्हणून गाळलं.

सुटी पेडल घेणाऱ्यानं खरेदीचा क्रम असा ठेवावा: ट्यूनर (सूर जुळवायला), ओव्हरड्राइव्ह, डिले (स्वराचे पडसाद देणारं). या तिघांवर सहा महिने वाजवा. चौथं काय हवं ते वहीच सांगेल.

ट्यूनर पहिला का, असं विचारणाऱ्याला मी हार्मोनियम दाखवतो. जुन्या पेट्या बरोबर ४४० हर्ट्झला, म्हणजे पांढरी सहाच्या ठरलेल्या सुराला, असतीलच असं नाही. तुमचा ट्यूनर हिरवा दिवा दाखवतो आणि पेटीशेजारी गिटार बेसूर लागते. बहुतेक पेडल ट्यूनरवर हा आधारस्वर ४३६ ते ४४५ हर्ट्झमध्ये सरकवता येतो. कार्यक्रमाआधी पेटीवाल्याला मधल्या सप्तकातला धैवत, म्हणजे पांढरी सहा, धरून ठेवायला सांगा. तो मोबाईलच्या ट्यूनर ॲपवर मोजा आणि ट्यूनर त्या आकड्यावर आणा. पेटी हलणार नाही, आपणच हलायचं.

सुटी पेडल की मल्टी-इफेक्ट, म्हणजे अनेक पेडलचे आवाज एकाच डब्यात? माझं मत स्पष्ट आहे. स्वतःचा ॲम्प नसेल, तीन भाषांतली गाणी वाजवायची असतील आणि मोटरसायकलवरून कार्यक्रमाला जायचं असेल तर मल्टी-इफेक्ट घ्या. झूम जी१ फोर किंवा बॉस जीटी-१ या गटातलं कुठलंही पुरतं. स्वतःचा ॲम्प आहे आणि एकाच बँडबरोबर एकाच ढंगाचं वाजवता, तर सुटी पेडल. पुढच्या पायऱ्या दोघांनाही लागू आहेत, कारण मल्टीच्या आतही तीच साखळी असते, फक्त पडद्यावर.

*जुनं पेडल घेताना:* स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल घेऊन जा. प्रत्येक बटण पूर्ण फिरवा, खरखर येते का ऐका. स्विच वीस वेळा दाबा. जॅकमधली केबल हळू हलवून बघा. बॅटरीवर आणि ॲडॉप्टरवर, दोन्हीवर चालवून बघा. विकणारा "बॅटरीवर कोण वाजवतंय आता" म्हणाला तर बॅटरीवर नक्की चालवून बघा.

पायरी ३: वीज

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण इथली चूक ऐकू येत नाही, तिचा वास येतो.

निपाणीजवळच्या एका जत्रेत माझा ॲडॉप्टर घरी राहिला होता. कीबोर्डवाल्याकडे एक जादा होता, पिन बरोबर बसली, मी लावला. तो बारा व्होल्टचा होता आणि त्याची पिन आतून धन होती. दिवा एकदा लुकलुकला आणि ओव्हरड्राइव्हमधून जळक्या प्लास्टिकचा वास आला. त्या रात्री मी सगळं साफच वाजवलं. दुसऱ्या दिवशी बेळगावच्या शहापुरातल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी पेडल उघडलं. उलट्या विजेपासून वाचवायला आत एक डायोड असतो, तो जळून उरलेलं सर्किट वाचलं होतं. काका हसून म्हणाले, "हा मेला म्हणून बाकीचे जगले बघा." प्रत्येक पेडलचं नशीब एवढं चांगलं नसतं.

तर पेडल विजेला जोडण्याआधी चार गोष्टी बघायच्या. पहिल्या तीन बहुतेक वेळा पेडलवर, जॅकच्या शेजारी, छापलेल्या असतात.

एक, व्होल्ट. बहुतेक पेडल ९ व्होल्ट डीसी घेतात. काही १२ किंवा १८ वरही चालतात, पण तसं लिहिलेलं असेल तरच.

दोन, ध्रुव. मधे ठिपका आणि भोवती अर्धवर्तुळ असलेलं चित्र असतं. गिटार पेडलमध्ये बहुतेक वेळा मधला ठिपका ऋण असतो. कीबोर्डच्या अनेक ॲडॉप्टरमध्ये तो धन असतो. पिन बसली म्हणजे ॲडॉप्टर जुळला असं होत नाही. जुन्या घडणीच्या काही फझ (आवाज जाडाभरडा फोडणाऱ्या) पेडलमध्येही जोडणी उलटी असते, ती बाकीच्यांबरोबर एका वायरवर घालू नका.

तीन, करंट. प्रत्येक पेडलचे मिलीअँपिअर लिहून बेरीज करा. साधं ओव्हरड्राइव्ह दहाच्या आसपास घेतं, ट्यूनर तीसेक, डिजिटल डिले पन्नास ते शंभर किंवा त्याहून जास्त. ॲडॉप्टरची क्षमता बेरजेपेक्षा जास्त हवी. जास्त मिलीअँपिअरचा ॲडॉप्टर चालतो, पेडल लागेल तेवढाच करंट ओढतं. जास्त व्होल्टचा चालत नाही. ही दोन वाक्यं उलटी लक्षात ठेवणारे मला दर वर्षी भेटतात.

चार, एकाच ॲडॉप्टरवरून सगळ्यांना वीज द्यायची का. एका वायरला पाच तोंडं असलेली साखळी स्वस्त पडते आणि तीन साध्या पेडलना ती पुरते. पण तिच्यावर डिजिटल डिले चढवला की मागे बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो. डिजिटल पेडलला वेगळा ॲडॉप्टर द्या, नाहीतर प्रत्येक तोंड आतून वेगळं असलेला पॉवर सप्लाय घ्या. पेडलपेक्षा आधी या पॉवर सप्लायवर खर्च करा असं मी सांगतो. कुणी ऐकत नाही.

*इशारा:* पेडलमध्ये बॅटरी असेल तर वाजवून झाल्यावर इनपुटची केबल काढा. बहुतेक पेडलमध्ये इनपुटला पिन घातली की बॅटरी सुरू होते. दिवा बंद असला तरी ती संपत राहते.

पायरी ४: क्रम लावणे

जमिनीवर पेडल ओळीनं मांडा. गिटारची केबल उजवीकडच्या पेडलमध्ये जाते आणि सिग्नल डावीकडे सरकत ॲम्पकडे जातो. क्रम असा:

१. ट्यूनर
२. वा-वा
३. कंप्रेसर (मोठे-लहान टोले एका पातळीवर आणणारं)
४. ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन
५. कोरस, फेझर, फ्लँजर (तिन्ही आवाजाला लहर देणारी)
६. डिले
७. रिव्हर्ब (मोठ्या खोलीत वाजवल्यासारखा घुमार देणारं)

हे पाठ करण्यापेक्षा कारण समजून घ्या. डिस्टॉर्शनला जे मिळतं ते सगळं तो फोडतो. डिले त्याच्या आधी ठेवला तर मूळ स्वर आणि त्याचे पडसाद एकत्र चिरडले जातात आणि लीडचा चिखल होतो. डिले नंतर ठेवला तर आधी फुटलेला स्वर तयार होतो, मग त्याचा स्वच्छ पडसाद पडतो. दरीत ओरडल्यावर आधी आवाज आणि मग प्रतिध्वनी, तसंच.

फझ असेल तर त्याला सगळ्यांच्या आधी, ट्यूनरच्याही आधी, थेट गिटारनंतर ठेवा. जुन्या घडणीच्या फझला पिकअपशी थेट गाठ हवी असते. मधे बफर असलेलं पेडल आलं की आवाज पातळ आणि कर्कश होतो. व्हॉल्यूम कमी करून फझ साफ करायची गंमतही जाते.

बफर म्हणजे काय, हे एकदा समजून घेतलं की पुष्कळ कोडी सुटतात. बफर म्हणजे सिग्नलला जोर देऊन पुढे पाठवणारं छोटं सर्किट. गिटारचा सिग्नल अशक्त असतो आणि केबल जितकी लांब तितका त्यातला चमकदार भाग गळतो. साधारण केबलमध्ये मीटरमागे शंभर पिकोफॅरडच्या आसपास कपॅसिटन्स असतो. सहा मीटर गिटारकडून, सहा मीटर ॲम्पकडे, मधे छोट्या केबली, आणि सगळी पेडल ट्रू बायपास असतील तर बंद असताना ती नुसती तार असतात. एवढ्या लांबीवर गिटार गोधडीखाली झाकल्यासारखी वाटते. बॉसची बहुतेक छोटी पेडल बंद असतानाही बफर चालू ठेवतात. साखळीच्या सुरुवातीला असं एखादं असलं की काम होतं. "ट्रू बायपास म्हणजे भारी" असं ऐकून ती बदलू नका.

ॲम्पचंच डिस्टॉर्शन वापरत असाल आणि मागे सेंड-रिटर्नचे जॅक (आवाज फुटल्यावर सिग्नल बाहेर काढून परत आत घ्यायची सोय) असतील तर डिले आणि रिव्हर्ब तिथं लावा. बाकीची पेडल पुढेच.

*तपासणी:* सगळी पेडल बंद करून वाजवा. मग साखळी काढून गिटार थेट ॲम्पला लावा. दोन्हींत फरक मोठा असेल तर कुठलीतरी छोटी केबल खराब आहे किंवा बफर हवा आहे. एकेक केबल बदलून बघा. साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या पिनांच्या स्वस्त केबली आधी संशयित धरा.

पायरी ५: पातळी जुळवणे

मंडपात आवाज "बाहेर पडना" होण्याचं खरं कारण बहुतेक वेळा इथं सापडतं.

एक पेडल चालू करा. बंद असताना आणि चालू असताना आवाजाची पातळी सारखी येईपर्यंत लेव्हलचं बटण फिरवा. कानाला फसवणं सोपं असतं. फुटलेला आवाज भरलेला वाटतो म्हणून मोठा वाटतो. त्यामुळे मोबाईलवर आवाज मोजणारं ॲप लावा आणि तोच स्ट्रम दोनदा मारून आकडा बघा. पुढच्या पेडलला जायचं ते मागचं जुळल्यावरच. लीडचं पेडल तेवढं मुद्दाम थोडं वर ठेवायचं. किती, ते बँडबरोबर ठरतं, एकट्यानं घरी नाही.

आता डिस्टॉर्शनचं. घरी एकटं वाजवताना गेन चार वाजता, मिड खाली, बास आणि ट्रेबल वर, असा आवाज भन्नाट वाटतो. मंडपात तोच बुडतो. कारण ढोलकी, ऑक्टोपॅड आणि बास गिटार खालचा भाग खातात, झांजा आणि गायकाचे स-श वरचा भाग. गिटारला जागा मधेच आहे आणि तुम्ही नेमका मधलाच भाग कापला आहे. शिवाय जास्त गेननं स्वराची सुरुवात दबते, प्रत्येक टोला सारखाच होतो, गर्दीत कान त्याला पकडत नाही. गेन दहा वाजता आणा, मिड एक वाजता न्या. घरी आवाज जरा रुक्ष आणि नाकात बोलल्यासारखा वाटेल, वाटू द्या. ट्यूब स्क्रीमर घडणीची ओव्हरड्राइव्ह मधला पट्टा, सुमारे ७०० हर्ट्झच्या आसपासचा, आपोआप उचलतात. म्हणूनच गर्दीत ती ऐकू येतात आणि घरी विशेष वाटत नाहीत.

एकदा साउंड ऑपरेटरला मी म्हटलं, "अण्णा, गिटार जरा वर घ्या की." ते मिक्सरवरून मान वर न करता म्हणाले, "तुमचं गेन जरा खाली घ्या की ओ, आपोआप वर येतंय." मी खाली घेतलं आणि आलं.

पायरी ६: एकेक बटण

सुरुवातीच्या जागा सांगतो, पुढे कान.

ओव्हरड्राइव्ह: ड्राइव्ह नऊ ते दहा, टोन बारा, लेव्हल जुळवलेली.

कंप्रेसर: सस्टेन दहाच्या पुढे नको. मागची घरघर वर येते. आमच्या ऑर्केस्ट्रात मी तो कित्येक महिने लावलेलाच नाही.

कोरस: रेट नऊ, डेप्थ दहा. पेटी वाजत असेल तर बंद. पेटीत एका स्वराला दोन-तीन पत्त्या असतात आणि त्यांच्या किंचित फरकानं आधीच लहर उठते. त्यावर तुमचा कोरस चढला की सूर तरंगतो आणि गायक तुमच्याकडे बघू लागतो.

रिव्हर्ब: सभागृहात आणि पत्र्याच्या शेडमध्ये जवळपास शून्य. जागेचाच पुरे असतो. उघड्या मैदानात नऊ-दहा.

डिलेवर जरा थांबू. तीन बटणं: वेळ, पडसादांची संख्या, मिश्रण. वेळ गाण्याच्या लयीवरून काढा. ६०,००० ला मिनिटातल्या मात्रांनी भागलं की एका मात्रेचे मिलीसेकंद येतात. १२० च्या लयीत ५००. त्याच्या पाऊणपटीवर, म्हणजे ३७५ वर ठेवलं की पडसाद मात्रांच्या मधे पडतात आणि साधी चाल भरलेली वाटते. १०० च्या केहरव्यात मात्रा ६००, पाऊणपट ४५०. पडसाद तीन, मिश्रण दहाच्या आत. टॅप टेम्पो (थोपटून लय द्यायचं बटण) असेल तर पायानं लय द्या, पण बटणावर नजर ठेवून नाही, ढोलकीवाल्याच्या हाताकडे बघून.

*इशारा:* अभंगाला लयीत बांधलेला डिले लावू नका. भजनी ठेका हळू सुरू होतो आणि टाळांबरोबर चढत जातो. शेवटच्या आवर्तनांपर्यंत तुमचे पडसाद टाळांच्या मागे फरफटत येतात. तिथं ११० मिलीसेकंदांच्या आसपास एकच पडसाद, तोही अगदी मंद. स्वर जाड होतो, लयीशी भांडत नाही.

मल्टी-इफेक्ट असेल तर प्रत्येक आवाज वहीतल्या क्रमानं साठवा. कारखान्यातून भरून आलेले आवाज दुकानात छाप पाडण्यासाठी असतात. त्यांत डिले आणि रिव्हर्ब ढीगभर असतात. एखादा उघडा, दोन्ही अर्ध्यावर आणा, मग ऐका.

पायरी ७: ॲम्पला की मिक्सरला?

गावोगावच्या कार्यक्रमांत गिटारचा ॲम्प मिळेलच असं नाही. बहुतेक वेळा केबल थेट मिक्सरमध्ये जाते. इथं दोन चुका होतात.

पहिली, गिटार नुसतीच मिक्सरला लावणं. पिकअपला समोर दहा लाख ओहमच्या आसपासचा इनपुट लागतो. मिक्सरचा लाइन इनपुट साधारण दहा हजारांचा असतो. सिग्नल दबतो आणि आवाज मळकट होतो. मधे डीआय बॉक्स, म्हणजे गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी, लावा. ॲक्टिव्ह डीआयला ४८ व्होल्टचा फँटम (मिक्सरमधून केबलवाटे येणारी वीज) लागतो किंवा बॅटरी, ऑपरेटरला आधी सांगा. डीआय नसेल तर निदान एक बफरवालं पेडल मधे असू द्या, मळकटपणा बराच जातो.

दुसरी चूक डिस्टॉर्शन थेट मिक्सरला लावण्याची. गिटार ॲम्पचा बारा इंची स्पीकर सुमारे पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं ऐकवतच नाही, त्यामुळे फुटलेल्या आवाजाची कचकच तिथंच गाळली जाते. मंडपातल्या स्पीकरना ट्वीटर असतात. ते सगळं ऐकवतात आणि गांधीलमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखं होतं. उपाय म्हणजे कॅबिनेटची नक्कल करणारा भाग. मल्टी-इफेक्टमध्ये तो असतोच. मिक्सरला लावताना तो चालू, खऱ्या ॲम्पला लावताना बंद. उलटं झालं तर पहिल्यात कचकच आणि दुसऱ्यात डब्यात वाजवल्यासारखं.

*तपासणी:* कार्यक्रमाच्या ठिकाणी पोचल्यावर पहिला प्रश्न "ॲम्प आहे की मिक्सर?" उत्तर मिळाल्यावर आउटपुटची सेटिंग बदला, मग गिटार बाहेर काढा.

पायरी ८: मंडपात

आधी जीव, मग आवाज. गाताना ओठ माइकला लागले आणि झणझणलं, हा अनुभव आपल्याकडच्या बहुतेक वादकांना आहे. गिटारच्या तारा एका अर्थिंगला आणि माइक दुसऱ्याला असतो, किंवा एकीकडे अर्थिंगच नसतं, आणि मधे तुम्ही असता. खिशात साधा निऑन टेस्टर ठेवा. गिटार जोडून झाली की तारांना आणि माइकच्या जाळीला टेस्टर लावून बघा. कुठंही उजळला तर वाजवायचं नाही. मंडपाच्या वायरमनला बोलवा आणि ॲम्प, पेडल, मिक्सर एकाच बोर्डावरून घ्यायला सांगा.

*इशारा:* घरघर जावी म्हणून ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन तोडणारे बहाद्दर अजून आहेत. घरघर जाते, संरक्षणही जातं. घरघरीसाठी डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा.

५० हर्ट्झच्या विजेची घरघर जाडी, खर्जातली असते. सिंगल कॉइल पिकअपमधून येणारी घरघर गिटार फिरवली की कमी-जास्त होते. मंडपातल्या दिव्यांच्या माळेपासून दोन पावलं लांब उभं राहा, बराच फरक पडतो. करंट गेला आणि जनरेटर सुरू होतोय असं दिसलं की पेडलचा ॲडॉप्टर काढून घ्या. जनरेटर स्थिर झाल्यावर लावा.

साउंडचेक एकट्यानं करू नका. सगळा बँड वाजत असताना केबल लांब असेल तर स्टेजवरून उतरून समोर जा, नाहीतर कुणाला तरी समोर उभं करा. आधी साफ आवाज बसवा, मग ओव्हरड्राइव्ह, शेवटी लीड. लीडचं पेडल किती वर न्यायचं ते आता, ढोलकी पूर्ण जोरात असताना ठरवा. बटणांच्या जागा ठरल्या की मोबाईलवर फोटो काढा. गर्दीत कुणाचा तरी पाय बटणांवरून फिरतोच.

आवाज अचानक गेला तर

घाबरून सगळं एकदम उपटू नका. ॲम्पचा किंवा मिक्सरचा आवाज खाली करा. गिटारची केबल काढून साखळीच्या मधल्या पेडलमध्ये लावा. आवाज आला तर बिघाड आधीच्या अर्ध्यात, नाही आला तर नंतरच्या. तो अर्धा पुन्हा मधून तोडा. सात पेडलमध्ये तीन वेळात दोषी सापडतो. तेवढाही वेळ नसेल तर गिटार थेट डीआयला आणि गाणं साफ आवाजात पुढे.

पावसाळ्यानंतर आधी जॅक बघा. पिन घालून-काढून दहा वेळा घासली तरी पुष्कळदा संपर्क परत येतो. न आल्यास इलेक्ट्रॉनिकच्या दुकानातला काँटॅक्ट क्लीनर. खोबरेल तेल नको, तेही एकानं लावलं होतं.

पिशवीत कायम असाव्यात अशा वस्तू: दोन जादा छोट्या केबली, एक लांब केबल, ९ व्होल्टची नवी बॅटरी, टेस्टर, चिकटपट्टी आणि नाव लिहिलेला स्वतःचा ॲडॉप्टर. माझ्या ॲडॉप्टरवर लाल नेलपॉलिशनं "९ व्होल्ट, आत ऋण" असं लिहिलंय. निपाणीच्या त्या रात्रीनंतर बायकोनं लिहून दिलं.